पुढच्या महिन्यात येतो, माय

नागपूरच्या जरीपटक्यात राहून बळीरामचा आवाज ज्यानं ऐकला नाही, तो एक तर बहिरा असावा नाही तर खोटं बोलत असावा. साड्यांचा सेल लागो, नळाला पाणी येणार नसो, कुणाची म्हैस सुटून जावो. ऑटोच्या टपावर भोंगा बांधून हा गडी निघायचा आणि गल्लोगल्ली सांगत फिरायचा. आवाज असा, की पापड लाटणाऱ्या बायांचे हात थांबायचे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर हरवलेल्या माणसांच्या तंबूत तो दरवर्षी माइक धरून बसायचा, तेही फुकट. "साकोलीच्या आजी, निळं लुगडं, हातात डबा, नातू रडून राहिला, लवकर तंबूत या!" हे सगळं तीनदा. तीनदा सांगितल्याशिवाय माणसाच्या कानात शिरत नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम होता.

घरीसुद्धा चहा तीनदा मागायचा. सिंधूताई, म्हणजे त्याची बायको, वैतागायची. "ऐकलं जी, मी काही बहिरी नाही!"

"सवय आहे वं, जात नाही," तो म्हणायचा आणि तेही तीनदा म्हणायचा.

धंद्याची त्याला आणखी एक सवय होती. घसा वाचावा म्हणून तो पुकारा एकदाच टेप करायचा आणि दिवसभर तोच वाजवायचा. कॅसेट भरल्याशिवाय दुसरी लावायची नाही. एक पुकारा संपला की तिथूनच पुढे दुसरा, मग तिसरा, सगळे एकाच कॅसेटवर. कोरी जागा सोडणं त्याला अन्न टाकण्यासारखं वाटायचं.

पण घसा एवढा जपणाऱ्या या शहाण्याच्या तोंडात सकाळपासून खर्रा असायचा. सुपारी-तंबाखूची ती पन्नी हातावर घोटत घोटत बोलायचा. सिंधूताईनं आदळआपट केली, रडली, पन्न्या नालीत फेकल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी धंतोलीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी गळ्याचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं की जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल.

मी वाचेन का, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "मायले काय सांगू?"

त्याची माय रंभाबाई गोंडपिपरीच्या पल्याड एका खेड्यात धाकट्या लेकाकडे राहायची. धाकटा आनंदराव तिथेच शाळामास्तर. म्हातारीचे डोळे कधीचे गेले होते. दर रविवारी सकाळी बळीरामचा फोन आला की तिचा आठवडा सुरू व्हायचा. डोळ्यांनी गेलेल्या बाईला लांबचा लेक म्हणजे नुसता आवाज, दुसरं काय!

म्हणून ऑपरेशनच्या आधी बळीराम भैयाजीच्या दुकानात जाऊन बसला. भैयाजीचं माइक-भोंग्यांचं दुकान, तिथे टेप करायची सोय होती. सिंधूताई सोबत होती. बळीरामनं एकेक वाक्य सांगितलं. कशी आहे वं माय? जेवली का वं, माय? गोळ्या घेतल्या का? मी बरा आहे. हो. नाही. अस्सं! आणि शेवटी, पुढच्या महिन्यात येतो, माय. या शेवटच्या वाक्याला बाहेरून कुणाची तरी स्कूटर भोंगा वाजवत गेली. भैयाजी म्हणाला, पुन्हा घेऊ. बळीरामनं मान हलवली. "राहू दे गा. जिवंत वाटते."

त्यांचा मुलगा प्रशिक पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानं एक जुना कॉम्प्युटर घरी आणून त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं आणि बापासाठी असं करून ठेवलं की चालू करून पासवर्ड टाकला की दुसरं काही दिसायचंच नाही. पडद्यावर फक्त मोठाली बटनं, प्रत्येक बटनावर एक वाक्य. बटन दाबलं की बळीरामचा आवाज. फोन स्पीकरजवळ ठेवायचा आणि बटनं दाबायची. कोपऱ्यात एक लाल बटन होतं, ते समोरचं बोलणं टेप करायचं, जुन्याच फाइलीत पुढे की नव्या फाइलीत ते दाबणाऱ्यानं ठरवायचं. ते बळीरामनं हट्टानं मागून घेतलं होतं. मोबाइलमध्ये पण हे टाकून देतो, पुढच्या सुट्टीत, असं प्रशिक म्हणाला होता. त्याची ती सुट्टी काही आली नाही.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. आनंदरावला तेवढं ठाऊक होतं. आणि हे नाटक चार वर्षं चाललं. म्हातारी बोलायची, बळीराम बटनं दाबायचा. ती विचारायची, "येत काहून नाही गा?" बटन वाजायचं, "पुढच्या महिन्यात येतो, माय." जावं तर मुक्यानं तिच्यासमोर कसं बसावं, या लाजेनं तो कधी गेलाच नाही. सिंधूताईनं दोन-चारदा म्हणून पाहिलं, "अजी, हात धरला तरी ओळखन ना ते." त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

सिंधूताईच्या मनात दुसरंही एक दुखत होतं. ते बोलायची सोय नव्हती. तिच्याशी बळीराम टाळी वाजवून बोले, बोटांनी बोले, पाटीवर लिहून बोले. ती बटनं त्यानं तिच्यासाठी कधी म्हणजे कधी दाबली नाहीत. ती फक्त मायची. नवऱ्याचा आवाज रविवारी घरात यायचा आणि तिच्या डोक्यावरून गोंडपिपरीला जायचा. ती तेवढा वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत राहायची.

त्या रविवारी सकाळी त्याचा फोन जायच्या आधीच आनंदरावचा आला. सिंधूताईनं उचलला.

"वहिनी, मायचं काही खरं दिसत नाही. रात्रीपासून पाणीच घेतलं. डॉक्टर येऊन गेले, म्हणे आता तासाचं सांगता येत नाही. तुमी निघा, पण एसटीनं पाच तास लागन. ते सारखी म्हणून राहिली, बळ्याचा फोन लाव, बळ्याचा फोन लाव."

बळीरामनं ऐकलं. तो उठला, कॉम्प्युटर चालू केला, पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, एकदा चमकला आणि परत पासवर्ड विचारत उभा राहिला. त्यानं पुन्हा टाकला. काळा पडदा, चमक आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पासवर्ड चुकला असता तर मशीननं तसं सांगितलं असतं. ते काही बोलत नव्हतं, आत घेऊन लगेच बाहेर ढकलत होतं.

सिंधूताईनं प्रशिकला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. बळीरामला बोलता येत नव्हतं, प्रशिकला तिकडून पडदा दिसत नव्हता. मग मधे कोण? सिंधूताई! सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं ओळखायची तेवढीच.

"आई, बाबांना सांग, कंट्रोल, आल्ट आणि एफ तीन एकदम दाबा."

पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत नाव विचारू लागला. बळीरामनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. इथे मात्र मशीननं त्याला मुकाट्यानं आत घेतलं.

"म्हणजे पासवर्ड ठीक आहे," प्रशिक म्हणाला. "दार उघडून राहिलं, पण आत बटनांची खोली उभी होऊन नाही राहिली. घाबरू नको, सापडन. आता मी सांगतो ते अक्षर अक्षर सांग बाबांना."

सिंधूताई अक्षरं सांगू लागली आणि बळीराम टाइप करू लागला. आधी प्रशिकला वाटलं की आत जायच्या किल्लीची एक लपलेली फाइल असते, तिचा मालक बदलला असेल. सिंधूताईनं ओळ वाचून दाखवली. मालक बळीरामच होता. मग त्याला वाटलं, पडद्यावर खिडक्या मांडणारा जो प्रोग्राम असतो त्याच्याच मांडणीत काही बिघडलं असेल. ती मांडणी बाजूला सरकवून पाहिली. पुन्हा पासवर्ड, पुन्हा चमक, पुन्हा बाहेर.

बळीराम खुर्चीच्या कडेवर बसला होता. ऑपरेशनच्या वेळी श्वासासाठी गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून श्वासाची बारीक शिटी येत होती, तो घाबरला की ती वाढायची.

"काहून वेळ लागून राहिला रे?" ती फोनवर खेकसली. "तिकडे म्हातारी वाट पाहून राहिली!"

"आई, माझी पण आजी आहे ना ते! थांब. मशीन आपल्या चुका एका फाइलीत लिहून ठेवते, ते पाहू."

ती फाइल उघडली तर शेवटची ओळ अर्धवट तुटलेली. त्याच्या आदल्या ओळीतली अक्षरं सिंधूताई वाचत गेली. एन, ओ. मग जागा सोडून, एस, पी, ए, सी, ई.

"नो स्पेस?" प्रशिक म्हणाला. "जागा संपली? अरे देवा. आत घेताना मशीनले एक चिठ्ठीएवढी किल्ली लिहावी लागते. तेवढीही जागा उरली नाही म्हणून बाहेर फेकून राहिलं. बाबांनी एवढं काय भरलं त्यात?"

पुढचा हुकूम टाइप करून झाल्यावर मशीन बराच वेळ गप्प राहिलं. मग आकडे आले. सगळे लहान लहान आणि मधेच एक राक्षसासारखा. एकच फाइल. सगळ्या मशीनला गिळून बसलेली.

"नाव वाच आई."

"एम," सिंधूताई म्हणाली. "ए. ए. वाय."

बोलता बोलताच तिला कळलं. लाल बटन! चार वर्षांचे रविवार या माणसानं एकापुढे एक एकाच फाइलीत भरत नेले होते. धंद्याची सवय, कॅसेट भरल्याशिवाय बदलायची नाही. दुपारी कानाला हेडफोन लावून तो मायचं बोलणं ऐकत बसायचा, हे तिनं पाहिलं होतं. म्हातारी त्यात काय काय सांगायची! पोरवयात बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला आली ते, तिच्या मायसाठी पांढरं लुगडं कुणाकडून मागून आणलं ते, बळीराम जन्मला तेव्हा सुईणीनं एवढ्या मोठ्यानं रडणारं पोर पाहिलं नव्हतं ते. मधेमधे याची बटनं. बाकी सगळी माय.

"एकच फाइल एवढी मोठी?" प्रशिक म्हणत होता. "असं कोण ठेवते? काय आहे त्यात, गाणी-गिणी?"

सिंधूताईनं बळीरामकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता.

"हे राहू दे बापू," ती म्हणाली. "दुसरं काही उडव."

"दुसरं पाहावं लागन आई. थोडा वेळ दे मले. अर्धा तास."

"यातला थोडाच तुकडा नाही का कापता येत? जुना जुना?"

"काळ्या पडद्यावर, तुझ्या हातून? आणि तुकडा ठेवाले तरी जागा कुठं आहे? पेनड्राइव्ह आहे का घरात?"

नव्हता. पोळपाट होतं, सूप होतं, भोंगे होते, पेनड्राइव्ह नव्हता. आणि तेवढ्यात बळीरामचा मोबाइल वाजला. आनंदराव. त्याचा आवाज बसला होता. "वहिनी, लावता का फोन? तिचा श्वास बदलला जी."

सिंधूताई म्हणाली, "मीच बोलू का तिच्यासंग? सांगते काही तरी." बळीरामनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. त्यानं प्रशिकच्या फोनकडे बोट केलं आणि मग हवेत हात फिरवला, पाटी पुसतात तसा.

"अजी, नको," सिंधूताई म्हणाली. "मागाहून रडसान."

त्यानं परत हात फिरवला. आणि परत. तीनदा.

"प्रशिक, सांग," ती म्हणाली. तिला रडू आलं होतं. "उडवाचं कसं ते सांग."

दोनच अक्षरं होती आणि पुढे मायचं नाव. ती तिनं सांगितली. बळीरामनं टाइप केली. त्याचा हात एंटरवर थोडा थांबला, मग त्यानं दाबलं. मशीननं काही विचारलं नाही, आवाज केला नाही. खाली नुसती नवी ओळ आली.

मग पासवर्ड टाकला तर सरळ बटनं उघडली, जसं काही झालंच नव्हतं.

आनंदरावनं फोन म्हातारीच्या कानाला लावला. इकडे बळीरामनं मोबाइल स्पीकरजवळ ठेवला, सवयीनं आधी लाल बटन दाबलं आणि मग पहिलं बटन दाबलं. कशी आहे वं माय?

पलीकडून नुसती घरघर आली. मग बारीक आवाज. "बळ्या? आज उशीर केला गा."

जेवली का वं, माय?

"जेवते आता कुठली." मग म्हणाली, "येतो का?"

बळीरामचं बोट त्या बटनावर गेलं. सिंधूताईला वाटलं, नको दाबू रे बाबा. पण दुसरं बटन होतं कुठे? पुढच्या महिन्यात येतो, माय, असं त्याचा तो जुना दणदणीत आवाज म्हणाला, आणि मागून स्कूटरचा भोंगा वाजला.

म्हातारी हसली की खोकली ते समजलं नाही. "चार वर्षं झाले, तो गाडीवाला एकाच जागी भोंगा वाजवून राहिला. मी आंधळी आहे बापू, बहिरी नाही."

सिंधूताईचा पदर तोंडात गेला.

"ते टेप बंद कर," म्हातारी म्हणाली. "तू आहे ना तिथं? मग फोन जवळ घे."

बळीरामनं माउसनं एकेक करून सगळं बंद केलं, बटनांचा पडदाही आणि ते लाल बटनही, टेप झालेलं जपून न ठेवताच. मोबाइल उचलला आणि कुठे धरावा ते त्याला सुचेना. तोंडाशी धरून उपयोग काय! सिंधूताईनं त्याचा हात धरला आणि फोन खाली, गळ्याच्या छिद्राशी नेला. तो रडत होता. आवाज न करता रडणाऱ्या माणसाचा श्वास त्या छिद्रातून शिट्ट्या मारत येत होता.

म्हातारी बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हां. आहे."

आणि थोड्या वेळानं, "आता पुढच्या महिन्यात नको येऊ."

त्यानंतर फोनवर आनंदरावचं रडणं ऐकू आलं. मास्तर माणूस, पण लहान पोरासारखा रडत होता.

दोघं भाड्याच्या गाडीनं गेले, पोचले तेव्हा दिवस कलला होता. चार वर्षांनी बळीराम मायसमोर बसला आणि तिचा हात हातात घेतला. बाया म्हणाल्या, मोठा लेक किती शांत आहे पाहा. त्यांना काय ठाऊक!

पुण्यानुमोदनाचा विधी, जेवणं, पाहुणे उरकून ते परत आले. प्रशिक गावी आला होता, तोही पुण्याला गेला. जाताना सिंधूताईला एकटं गाठून खालच्या आवाजात म्हणाला, "आई, त्या फाइलीत काय होतं ते तू काकांना सांगताना ऐकलं. मी मशीन तपासलं. त्यात जुन्या अपडेटचा कचरा पडून होता. तेवढा झाडला असता तरी चाललं असतं. मले तेव्हा सुचलंच नाही."

सिंधूताईनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं. "बाबाले बोलू नको," ती म्हणाली. "कधीच बोलू नको." ते तिनं पोटात ठेवलं ते ठेवलंच. अजूनही भाकरी थापताना मधेच ते वर येतं आणि तिचा हात तव्याला लागतो.

मग पुन्हा रविवार आला. सकाळी सिंधूताई स्वयंपाकघरात होती. आतल्या खोलीत कॉम्प्युटर चालू झाल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आज कशाला हे? आता मशीन झटकन उघडत होतं. काही अडत नव्हतं, जागाच जागा झाली होती त्यात.

आणि घरात तो आवाज घुमला. "जेवली का वं, माय?"

सिंधूताईचा हात थांबला. काय करतो आता हा वेडा माणूस, फोन तरी कुणाला लावणार? तिनं भाजी ढवळली.

"जेवली का वं, माय?"

या घरात मायचा एक शब्द उरला नव्हता. याचे सवाल तेवढे उरले होते, सगळेच्या सगळे, खणखणीत. उत्तर द्यायला कुणी नाही. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच्याहून जास्त कीव आली.

"जेवली का वं, माय?"

तीनदा झालं. तिनं गॅस बारीक केला आणि दारात आली. बळीराम पाठमोरा बसला होता, खांदे पडलेले.

"नाही जेवली अजून," सिंधूताई म्हणाली. "तुमच्यासाठी थांबली. वाढू का?"

तो वळला नाही. त्याचा हात पडद्यावर काही तरी शोधत राहिला. मग चार वर्षांत पहिल्यांदा तो आवाज तिच्याशी बोलला.

"हो," आवाज म्हणाला. आणि परत, "हो." आणि परत, "हो."

"ऐकलं जी," सिंधूताई म्हणाली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. "मी काही बहिरी नाही."